दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर

परकी भाषा शिकविणारा गुरू कितीही समर्थ असला, तरी शिष्याच्या वतीने ती भाषा तो शिकू शकत नाही. ही गोष्ट उघड आहे. परंतु इंग्रजीचा विषय निघाला म्हणजे तिचा आपणांस विसर पडतो. मुलास इंग्रजी येईना तर वर्गातील शिकवण्यास बोल लावावा, मग खासगी शिकवणी ठेवावी, तीही पुरेना तर तयार उत्तरांची पुस्तके आणून द्यावीत, असा पुष्कळ पालकांचा क्रम असतो. आणि मुलेही ती उत्तरे मुखोद्गत करून परीक्षेची वेळ निभावून नेतात. पुढे शाळा सुटते, पाठ केलेली उत्तरे विसरतात, आणि इंग्रजीत एक साधे पत्र लिहिण्याचा प्रसंग आला तरी हात अडखळतो. अशा वेळी आपल्याच कोकणच्या मातीत जन्मलेल्या एका थोर पुरुषाचे चरित्र डोळ्यांपुढे आणणे हितावह होईल. ज्या काळी मुंबई इलाख्यात इंग्रजी शिकण्याची साधने अत्यंत तुटपुंजी होती, त्या काळी त्याने ती भाषा हस्तगत केली. आणि एवढ्यावरच न थांबता, इतरांसही ज्ञान आपल्या बळावर मिळविता यावे म्हणून साधने निर्माण करण्यात आपले अल्प आयुष्य वेचले. हा पुरुष म्हणजे बाळ गंगाधर जांभेकर, अर्थात दर्पणकार बाळशास्त्री.

बाळशास्त्र्यांचा जन्म इ. स. १८१२ च्या सुमारास पोंभुर्ले या गावी झाला. देवगड तालुक्यातील हे खेडे दीर्घकाळ रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाला, तेव्हापासून ते त्या जिल्ह्यात आहे. त्यांचे वडील गंगाधरशास्त्री हे विद्वान गृहस्थ होते. मराठी व संस्कृत यांचे पहिले धडे बाळने घरीच, वडिलांपाशी गिरविले. तो सहा वर्षांचा असेल नसेल तोच, १८१८ साली, पेशवाई बुडाली आणि कोकणपट्टीवर इंग्रजांचा अंमल बसला. राज्य पालटले म्हणजे कचेरीची भाषा पालटते, आणि कचेरीची भाषा पालटली म्हणजे विद्येची वाटही नवे वळण घेते. जुन्या वाटेने चालणाऱ्या घराण्यातील हा मुलगा नव्या वाटेस लागला, तो अशा संधिकाळात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. इंग्रजीचे पहिले अक्षर गिरविण्यापूर्वी त्याची स्वभाषा पक्की झालेली होती आणि संस्कृतामुळे व्याकरण म्हणजे काय याची जाण त्यास आलेली होती. पुढे त्याने जी इमारत उभारली तिचा पाया घरच्या भाषेत होता.

सुमारे १८२५ साली, वयाच्या तेराव्या वर्षाच्या आगेमागे, बाळशास्त्री मुंबईस आले. त्या काळी आगगाडी नव्हती. ती मुंबईहून प्रथम सुटली १८५३ साली. कोकणातील मनुष्यास मुंबई म्हणजे गलबताचा प्रवास, आणि तोही वाऱ्याच्या व समुद्राच्या मर्जीने. मुंबईत सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांचा आश्रय त्यांस लाभला. बापू छत्रे हे शाळा स्थापन करणाऱ्या व शाळांसाठी पुस्तके तयार करविणाऱ्या मंडळीच्या कारभारात होते. हीच मंडळी १८२७ पासून बाँबे नेटिव एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली. इसापच्या नीतिकथा मराठीत आणून मुलांच्या हाती प्रथम देणाऱ्यांत या बापू छत्र्यांची गणना होते. या मंडळीच्या इंग्रजी शाळेत बाळशास्त्र्यांचे इंग्रजी शिक्षण झाले.

ते शिक्षण किती बिकट असेल, याची कल्पना आज येणे कठीण. आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या दप्तरात इंग्रजी-मराठी शब्दकोश असू शकतो. त्या वेळी कर्नल केनेडी यांनी १८२४ साली प्रसिद्ध केलेला लहानसा कोश तेवढा होता. मोल्सवर्थ साहेबांचा सुप्रसिद्ध कोश १८३१ साली निघाला. परंतु तो मराठी शब्दांचे अर्थ इंग्रजीत देणारा. इंग्रजी शब्दांचे अर्थ मराठीत सांगणारा मोल्सवर्थ व कँडी यांचा मोठा कोश प्रसिद्ध झाला तो १८४७ साली, म्हणजे बाळशास्त्र्यांच्या मृत्यूनंतर एका वर्षाने! दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरणदेखील १८३६ चे. म्हणजे ज्या साधनांवाचून आपले एक पाऊल पुढे पडत नाही, ती बहुतेक सर्व बाळशास्त्री इंग्रजीत प्रवीण झाल्यानंतरची आहेत. अशा स्थितीत अडलेल्या शब्दाचा अर्थ मागच्यापुढच्या वाक्यांवरून ताडावा, तोच शब्द दुसऱ्या ठिकाणी भेटला म्हणजे आपला तर्क खरा की खोटा हे पाहावे, आणि चुकला असेल तर तो आपणच दुरुस्त करावा, याखेरीज विद्यार्थ्यास गत्यंतर नसे. ही रीत मंद खरी, परंतु तिने मिळविलेला शब्द सहसा विसरत नाही. कारण तो कोणी दिलेला नसतो, श्रमाने कमावलेला असतो.

या श्रमांचे फळ लवकरच दृष्टीस पडले. मुंबईस आल्यापासून पाचसहा वर्षांच्या आत, १८३० साली, बाळशास्त्री त्याच सोसायटीचे डेप्युटी सेक्रेटरी झाले आणि १८३२ साली नेटिव सेक्रेटरीची जबाबदारी त्यांजकडे आली. तेव्हा त्यांचे वय विशीच्या घरात होते. इंग्रजीपाशीच त्यांची जिज्ञासा थांबली नाही. बंगाली, गुजराती, कानडी, फारसी या देशी व आशियाई भाषा आणि फ्रेंच, लॅटिन यांसारख्या युरोपीय भाषा यांचाही त्यांनी अभ्यास केला. एक परकी भाषा स्वतःच्या उद्योगाने ज्याने जिंकली, त्यास दुसरीचे भय वाटत नाही. कारण भाषेबरोबर भाषा शिकण्याची रीतही त्याच्या हाती आलेली असते.

आता त्यांच्या आयुष्यातील मुख्य कार्याकडे वळू. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ या पत्राचा पहिला अंक निघाला. मराठीतील हे पहिले वृत्तपत्र होय. आणि म्हणूनच ६ जानेवारी हा दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. प्रारंभी दर्पण पंधरा दिवसांनी निघत असे. त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून ते साप्ताहिक झाले. या कामी गोविंद विठ्ठल कुंटे ऊर्फ भाऊ महाजन यांचे त्यांस साहाय्य होते. पुढे याच भाऊ महाजनांनी १८४१ साली ‘प्रभाकर’ पत्र काढले.

दर्पण हे पहिले पत्र, एवढेच बहुधा आपण शाळेत शिकतो. परंतु त्याच्या रचनेतील एक विशेष आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. त्याच्या पानावर दोन स्तंभ असत. एकात इंग्रजी मजकूर आणि शेजारी दुसऱ्यात तोच मजकूर मराठीत. पत्र काढण्यापूर्वी जे जाहीरपत्रक प्रसिद्ध झाले, त्यात आपल्या देशबांधवांमध्ये इंग्रजी विद्येच्या अभ्यासाची आवड वाढविणे हा एक हेतू स्पष्ट सांगितला होता. लोकांस आपल्या हिताहिताचा विचार जाहीर रीतीने करण्यास एक स्थळ मिळावे, हा दुसरा हेतू. इंग्रजी स्तंभ वाचून युरोपियन गृहस्थांस येथील लोकांचे मत कळे. मराठी स्तंभ वाचून येथील लोकांस बाहेरच्या जगाचे वर्तमान कळे. आणि दोन्ही स्तंभ ताडून पाहणाऱ्या जिज्ञासू वाचकास इंग्रजीचा पाठ घरबसल्या मिळे.

या शेवटच्या लाभाचा थोडा विचार करू. समजा, कोकणातील एखाद्या गावी एका कारकुनाच्या हाती हा अंक पडला आहे. त्यास इंग्रजीची अक्षरओळख आहे, परंतु विचारावयास गुरू नाही. तो इंग्रजी स्तंभातील एक वाक्य वाचतो, त्याचा अर्थ मनाशी लावतो, आणि मग शेजारच्या स्तंभाकडे नजर टाकतो. अर्थ जुळला तर उत्साह वाढतो. न जुळला तर चूक कोठे झाली हे त्याचे त्यासच दिसते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येते, हा नियम त्यास कोणी सांगावा लागत नाही. दहा वाक्ये ताडून पाहिली म्हणजे तो आपोआप ध्यानात येतो. तात्पर्य, पाठ देणारा, पाठ घेणारा आणि चूक दाखविणारा हे तिघेही त्या एका पानावर एकत्र होतात. आणि ही चूक लाजविणारी नसते. कारण ती वर्गात सर्वांदेखत उघडी पडत नाही, वाचक व कागद या दोघांतच राहते.

या युक्तीची योग्यता किती, हे युरोपातील एका समकालीन उदाहरणावरून कळेल. जोसेफ जाकोतो नावाचा एक फ्रेंच अध्यापक १८१८ साली लूव्हाँ येथील विद्यापीठात शिकवू लागला. ते शहर आज बेल्जियम देशात आहे. त्याच्या कित्येक शिष्यांस फ्रेंच येत नव्हते आणि त्यास त्यांची डच भाषा येत नव्हती. तेव्हा त्याने फेनेलाँ या ग्रंथकाराच्या एका कथेची अशी आवृत्ती त्यांच्या हाती दिली, की जीत मूळ फ्रेंचाबरोबर डच भाषांतरही छापलेले होते. शिष्यांनी दोन्ही ताडून पाहत आपल्या बळावर फ्रेंच शिकून घेतले आणि ते त्या भाषेत निबंध लिहू लागले, तेव्हा जाकोतोस मोठे नवल वाटले. आणि शिकणाऱ्याची बुद्धी जागी करणे हेच गुरूचे खरे काम, असे मत तो पुढे आयुष्यभर प्रतिपादीत राहिला. लूव्हाँच्या त्या वर्गात आणि मुंबईच्या दर्पणाच्या पानावर भाषेची वाट मात्र एकच दिसते, हे पाहून कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. योगायोग असा, की जाकोतो निवर्तला आणि दर्पण बंद पडले ते एकाच वर्षी, १८४० साली. या विचारास शिक्षणशास्त्रात पुढे मोठे स्थान मिळाले. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात आंरी ओलेक या फ्रेंच विद्वानाने, आपल्या शिकण्याची जबाबदारी स्वतः पेलण्याची पात्रता अशी विद्यार्थ्याच्या स्वायत्ततेची व्याख्या केली. आणि ही पात्रता उपजत नसून ती अभ्यासाने आणावी लागते, असेही सांगितले.

यावरून बाळशास्त्र्यांस शिक्षकाचे महत्त्व वाटत नव्हते, असे मात्र कोणी समजू नये. ते स्वतः हाडाचे शिक्षक होते. अक्कलकोटच्या तरुण राजाचे अध्यापक म्हणून त्यांनी काही काळ काम केले. १८३४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत असिस्टंट प्रोफेसर म्हणून त्यांची नेमणूक झाली. हा मान मिळविणारे ते पहिले एतद्देशीय होत. गणित व पदार्थविज्ञान या विषयांत त्यांची गती विशेष होती. पुढे भारताचे पितामह म्हणून गाजलेले दादाभाई नौरोजी आणि विद्वान वैद्य डॉ. भाऊ दाजी लाड हे त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी होत. १८४५ साली शिक्षक तयार करण्यासाठी मुंबईत अध्यापक वर्ग काढण्यात आला, त्याची सूत्रेही त्यांजकडेच सोपविण्यात आली. गावोगावच्या शाळांत उद्या जे शिकविणार, त्यांस आज शिकविण्याचे हे काम होते. साधन हाती द्यावे, वाट दाखवावी आणि चालणाऱ्यास चालू द्यावे, असा शिक्षकाचा धर्म त्यांच्या एकंदर उद्योगावरून आपणांस उमगतो.

त्यांची ग्रंथरचना पाहिली तरी हाच हेतू दिसून येतो. मुलांसाठी व्याकरण, नीतिकथा, इंग्लंडचा व हिंदुस्थानचा इतिहास, भूगोल, इतकेच नव्हे तर उच्च गणितावरील ‘शून्यलब्धिगणित’ यांसारखे ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिले. दर्पण बंद झाले त्याच वर्षी, १८४० साली, त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मराठीतील पहिले मासिक सुरू केले. भूगोल, इतिहास, रसायन, पदार्थविज्ञान असे विषय त्यात येत. इंग्रजीतून मिळविलेले ज्ञान इंग्रजी न येणाऱ्यांच्या दारापर्यंत पोहोचविणे हे त्यांनी आपले कर्तव्य मानले. एवढा इंग्रजीचा व्यासंग असूनही मायबोलीचा त्यांस कधी विसर पडला नाही. १८४५ साली ज्ञानेश्वरी शिळाछापावर प्रथम छापून प्रसिद्ध झाली, ती त्यांच्याच परिश्रमाने. इंग्रजी चांगले यावयाचे तर मराठी दूर सारली पाहिजे असे समजणाऱ्या पालकांनी या एका गोष्टीवर शांतपणे विचार करावा. जुने ताम्रपट व शिलालेख वाचून त्यांवर त्यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात इंग्रजीत निबंध लिहिले. स्त्रीशिक्षण व विधवांची स्थिती या विषयांनाही दर्पणात स्थान मिळाले. सरकारने १८४० साली त्यांस जस्टिस ऑफ दि पीस केले.

तथापि चरित्र सांगताना स्तुतीबरोबर सत्यही सांगितले पाहिजे. बाळशास्त्र्यांस घरी विद्वान पिता लाभला, मुंबईत बापू छत्र्यांसारखा आश्रयदाता लाभला आणि वर्गात बसण्यास त्यांस कोणी मज्जाव केला नाही. त्याच काळी कोकणातील हजारो मुलांस, आणि जवळजवळ सर्वच मुलींस, शाळेची पायरीदेखील चढता येत नव्हती. दर्पण घरी येईल अशी कुटुंबे थोडी. दोन्ही स्तंभ वाचू शकतील असे वाचक त्याहून थोडे. म्हणजे स्वावलंबनालाही आधी काहीतरी आधार लागतो: थोडे अक्षरज्ञान, एखादे पुस्तक, आणि उमेद देणारे एखादे माणूस. ज्या मुलास यांपैकी काहीच मिळाले नाही, त्यास तू आपल्या बळावर शीक असे सांगणे ही क्रूर थट्टा होय. बाळशास्त्र्यांनी असा कोरडा उपदेश केला नाही. त्यांनी पत्र काढले, पुस्तके लिहिली, शिक्षक तयार केले, आणि मुंबईत सार्वजनिक ग्रंथालय उभे राहावे म्हणून झटले. आधी आधार दिला आणि मग चालण्यास मोकळे सोडले. घरात मूल शिकत असेल त्या पालकांनीही हाच क्रम धरावा.

इतकी कामे एका देहाने किती काळ रेटावी? शाळातपासणी, अध्यापन, लेखन आणि प्राचीन लेखांचा शोध यांमुळे त्यांस विश्रांती अशी नव्हती. जुन्या लेखांच्या शोधार्थ केलेल्या प्रवासानंतर ते ज्वराने आजारी पडले आणि मे १८४६ मध्ये मुंबईस त्यांचा अंत झाला. वय अवघे चौतीस वर्षांच्या आसपास! ज्या वयात पुष्कळांचे शिकणे नुकतेच संपते, त्या वयात या पुरुषाचे आयुष्य संपले. परंतु त्यांनी लाविलेल्या रोपांस पुढे पालवी फुटली. १८४८ साली त्याच एल्फिन्स्टन संस्थेतील अध्यापक व विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन आपली एक विद्यासभा स्थापिली. तरुण स्वतःच निबंध लिहीत, स्वतःच वाचीत आणि स्वतःच त्यांवर वाद करीत. आणि लवकरच या सभेच्या आश्रयाखाली मुलींच्या शाळा निघाल्या. तीत दादाभाईंसारखे बाळशास्त्र्यांचे शिष्य पुढे होते. पोंभुर्ले येथे आज बाळशास्त्र्यांचे स्मारक उभे आहे.

विद्यार्थी मित्रहो, स्मारकास हार घालणे सोपे. त्यांच्या रीतीचा थोडा अवलंब करून पाहणे अधिक उपयोगाचे. त्यास पैसा लागत नाही. आपल्या इंग्रजी पाठातील एक लहानसा परिच्छेद घ्यावा आणि त्याचा मराठी अनुवाद वहीत लिहावा. दोन दिवस पुस्तक बाजूस ठेवावे. मग केवळ आपल्या मराठीवरून तोच परिच्छेद पुन्हा इंग्रजीत लिहावा आणि शेवटी पुस्तक उघडून मुळाशी ताडून पाहावा. जेथे फरक आढळेल तेथे खूण करावी. इंग्लंडात रॉजर अ‍ॅस्कम नावाच्या शिक्षकाने लॅटिन शिकविण्यासाठी हीच रीत सांगितली होती. त्याचे पुस्तक १५७० साली छापले गेले. वर्गात शिक्षकांकडे जावे ते अशा खुणा घेऊन. काही समजत नाही असे मोघम सांगणाऱ्या मुलास कोणता शिक्षक काय मदत करणार? नेमके येथे अडले, असे दाखविणाऱ्यास मात्र दोन मिनिटांत वाट सापडते. आपले अडते कोठे हे ज्यास कळले, त्याचे अर्धे शिक्षण झाले म्हणावे.

आज दर्पणाचा दुसरा स्तंभ प्रत्येकाच्या खिशात आहे. कोणतेही वाक्य यंत्रास दिले, की त्याचे भाषांतर डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच समोर येते. हे साधन वाईट नव्हे. बाळशास्त्री असते तर त्यांनी ते हौसेने हाताळले असते. परंतु दर्पणाचा वाचक दोन प्रकारचा असू शकत असे. एक आधी इंग्रजी स्तंभाशी झुंज घेई आणि मग मराठीकडे वळे. दुसरा इंग्रजीकडे न पाहता मराठी वाचून अंक मिटे. पान तेच, मजकूर तोच. परंतु वर्षाअखेर एकास इंग्रजी येऊ लागे, दुसरा होता तेथेच राही. यंत्राचेही तसेच आहे. आपला प्रयत्न आधी आणि यंत्राचा आधार नंतर, एवढा नियम ज्याने पाळला त्यास ते गुरुबंधूप्रमाणे उपयोगी पडेल. ज्याने क्रम उलटा केला, त्याच्या वहीत इंग्रजी सुरेख उतरेल. परंतु ज्या दिवशी ते यंत्र हाताशी नसेल, त्या दिवशी त्याच्यापाशी स्वतःचे असे एकही वाक्य असणार नाही.

कोशाचा पुरेसा आधार नसता पोंभुर्ल्याच्या एका मुलाने विशीच्या सुमारास दोन भाषांत वृत्तपत्र चालविले. आपणांपाशी कोश आहेत, शाळा आहे, शिक्षक आहेत, ग्रंथालय आहे. आता त्यांत भर घालावयाची ती केवळ आपल्या उद्योगाची.